मामाच्या रेकॉर्डी धुवायच्या कशा, हे ठरवताना

रत्नागिरीचं घर आवरायला काढलं तेव्हा मामाने त्याच्या सगळ्या रेकॉर्डी माझ्याकडे पुण्याला पाठवून दिल्या. लाकडी खोकी, मध्ये मध्ये जुने पेपर कोंबलेले, आणि फोनवर एवढंच म्हणाला, "अगं, कपाटात मांडून ठेवू नकोस, लाव त्या." त्यात बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ च्या रेकॉर्डी (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या), भीमसेनजी आणि कुमारजींच्या एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या बारा इंची रेकॉर्डी, भावगीतांच्या त्या सात इंची ईपी, सगळं एकत्र. कोकणातले इतके पावसाळे खाल्लेले त्यामुळे बुरशी जवळजवळ सगळ्यांवर, वर धूळ, बोटांचे ठसे, आणि काहींवर तर कुणीतरी कधीतरी चकाकी यावी म्हणून तेलाचं फडकं फिरवलं असावं असा चिकट थर, बोट टेकवलं की कळायचं. अशा रेकॉर्डी तशाच लावायच्या म्हणजे सुईने तो सगळा कचरा आणखी आत दाबायचा, शिवाय सुईची वाट. त्यामुळे आधी धुणं मग ऐकणं हे नक्की होतं, कसं धुवायचं हे ठरवायला मात्र मी मुद्दाम वेळ घेतला, कारण यातल्या कित्येक रेकॉर्डी परत कुठे मिळणार नाहीत.

जो तो पहिलं विचारतो रेकॉर्ड धुवायचं मशीन कुठलं घेतलंस. मला विचाराल तर मशीनचा प्रश्न पार शेवटचा. सगळ्यात आधी बघायचं की रेकॉर्ड कशाची आहे.

७८ ची रेकॉर्ड लाखेची. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हापासून पुढची पन्नासहून जास्त वर्षं आपल्याकडे मुख्यतः लाखेचीच तबकडी चालली. त्यातसुद्धा लाख ही सगळं धरून ठेवण्यापुरती, बाकी बरीचशी दगडाची पूड आणि रंगाला काजळी. ती पूड मुद्दाम घातलेली असायची, लोखंडी सुई तिच्यावर घासून ग्रूव्हच्या, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या बारीक खाचेच्या, मापाची व्हावी म्हणून, आणि म्हणूनच ग्रामोफोनवर दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. म्हणजे बघा, या रेकॉर्डींच्या ग्रूव्हमध्ये नुसती घरातली धूळ नाही तर झिजलेल्या सुयांची पूड पण बसलेली असते. एलपी आणि ईपी व्हिनाईलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या जातीचं प्लास्टिक. अमेरिकेत कोलंबियाने एलपी १९४८ ला आणली, आपल्याकडे ती नंतर आली, आणि साठच्या दशकातही आपल्याकडे ७८ निघतच होत्या, त्यामुळे गाणं कुठल्या सालचं यावरून रेकॉर्ड कशाची ते ठरवायला जाऊ नका. लेबल वाचा, हातात घेऊन बघा. लाखेची जड आणि ताठ, जराही वाकणार नाही, आणि हातातून सुटली तर संपलं.

हा फरक इतका महत्त्वाचा का, तर नेटवर रेकॉर्ड धुण्याचे जे काही घरगुती फॉर्म्युले सापडतात त्यातल्या बहुतेकांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. व्हिनाईलला पातळ करून घातलेलं चालतं. लाखेला अजिबात नाही. आमच्या सोसायटीत दारांना पॉलिश करायला एक काका येतात, ते चपडा लाख आदल्या रात्री स्पिरिटमध्ये भिजत टाकतात आणि सकाळपर्यंत तो विरघळून मधासारखा झालेला असतो, तेच पॉलिश. सुतारकामातल्या कुणालाही विचारा, लाख विरघळवायची तर स्पिरिट. मामाच्या खोक्यात प्रवासात फुटलेली एक ७८ होती, तिच्या तुकड्यावर मी आयसोप्रोपिलचा कापसाचा बोळा फिरवून बघितला. क्षणात कापूस काळा झाला, आणि तो मळ नव्हता, ती रेकॉर्ड स्वतः होती. पुसलेली जागा मंद पडली आणि भिंगातून पाहिलं तर ग्रूव्हच्या कडा बोथट झालेल्या. त्यानंतर मी दोन वेगळे डबेच केले, ७८ च्या ब्रश-बाटल्या एका डब्यात, व्हिनाईलच्या दुसऱ्यात, आणि अल्कोहोलची बाटली पहिल्या डब्याच्या आसपास सुद्धा येऊ देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मळ कसला आहे. सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि टेबल लॅम्प तिरका धरून एकेक रेकॉर्ड बघितली. हे काम कंटाळवाणं वाटेल पण मला तरी सगळ्यात जास्त यातूनच कळलं. धूळ मोकळी पसरलेली असते. बोटाचा ठसा तेलकट, त्यावर धूळ चिकटून राखाडी डाग होतो. बुरशी म्हणजे पांढुरके ठिपके, आणि ठिपक्यातून बारीक तंतू फुटलेले, ते ग्रूव्हच्या आडवे जातात, कधी कधी लेबलच्या कागदापासून सुरू होऊन आत सरकलेले. आणि ओरखडा म्हणजे ओरखडा, तो लख्ख चमकतो, तो काही केल्या जाणार नाही. हे ओळखता आलं की कुठल्या रेकॉर्डवर किती जीव काढायचा हे आपोआप कळतं. बुरशीवाल्या सगळ्या मी वेगळ्या काढल्या, गॅलरीत नेऊन मास्क लावून कोरड्या ब्रशने वरचं झटकलं (घरात करू नका, दमा असेल तर मुळीच नको), आणि त्यांची जुनी कागदी पाकिटं परत वापरली नाहीत, कारण बुरशी त्या कागदातच घर करून असते.

आई म्हणाली ऊन दाखव, बुरशीला ऊन बरं. डाळींना, गाद्यांना, पापडांना बरोबर, रेकॉर्डला नाही. व्हिनाईल उन्हात वाकतं, लाख मऊ पडते, आणि एकदा का रेकॉर्ड वाकडी झाली की ती सरळ करणं हे धुण्यापेक्षा कितीतरी अवघड प्रकरण. बाहेरची पुठ्ठ्याची कव्हरं तेवढी सावलीत, पंख्याखाली मोकळी करून ठेवली.

मग पाणी. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) घेऊन मोजलं तर साडेतीनशेच्या वर. ते वाळलं की क्षार मागे ग्रूव्हमध्येच राहणार, म्हणजे एक कचरा काढून दुसरा घालायचा. आरओचं बरं पण त्यातही साठ-सत्तर. शेवटी गाड्यांच्या बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, पाच लिटरचा कॅन, स्वस्तात मिळतो, मीटरवर एक-दोन दाखवतं. दुकानात मागताना बॅटरीचं पाणी असं नीट सांगा, ॲसिडचे कॅन पण तिथेच शेजारी असतात. भांडी घासायचा लिक्विड सोप मी घेतला नाही, त्यात वास असतो, रंग असतो, हात मऊ राहावेत म्हणून काय काय घातलेलं असतं, त्याचा थर राहतो. त्याऐवजी फोटो डेव्हलप करणारे शेवटच्या पाण्यात घालतात ते वेटिंग एजंट, लिटरला काही थेंब. नुसतं पाणी व्हिनाईलवर मण्यांसारखं गोळा होऊन वरच राहतं, हे थेंब घातले की ते पसरतं आणि ग्रूव्हच्या तळापर्यंत उतरतं. डोळ्याने दिसतो हा फरक.

आता पद्धती. मी जुन्या बाजारातून काही अगदी सामान्य, घाणेरड्या एलपी फक्त प्रयोगासाठी घेतल्या. एकाच रेकॉर्डची एक बाजू एका पद्धतीने, दुसरी दुसऱ्या पद्धतीने, आणि आधी-नंतर दोन्ही वेळा ऐकायचं. कोरडा कार्बन फायबर ब्रश वरची धूळ छान उचलतो, रोज रेकॉर्ड लावताना लागतोच, पण बसलेल्या मळाला तो काही करू शकत नाही. टबमध्ये ब्रशांच्या मधून रेकॉर्ड हाताने फिरवायचे ते डबे मिळतात, स्पिन-क्लीन वगैरे, ते चांगले आहेत आणि धुळकट एलपींना पुरेसे आहेत, अडचण एकच की पाच-सहा रेकॉर्डींनंतर सगळ्या त्याच गढूळ पाण्यात बुडत असतात. बुरशीवाल्यांना तर हे नकोच, एकीची दुसरीला.

गोंदाचा प्रकार पण करून बघितला. फेव्हिकॉलचा जाडसर थर एका बाजूला सारखा पसरायचा, लेबलला लागू द्यायचा नाही, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी एका दमात सोलून काढायचा. सोललेला पापुद्रा उजेडात धरला तर त्यावर ग्रूव्हचा उलटा ठसा आणि त्यात अडकलेले काळे कण दिसतात, विलक्षण प्रकार आहे. आणि बाजू खरंच स्वच्छ वाजली. पण एका बाजूला एक रात्र, थर कुठे पातळ राहिला तर तिथे तुकडे अडकून बसतात, सोलताना इतकी स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, तयार होते की आसपासची धूळ लगेच येऊन चिकटते. एखाद्या हट्टी एलपीला शेवटचा उपाय म्हणून ठीक, सगळ्या संग्रहाला अशक्य. लाखेच्या रेकॉर्डला तर हा प्रयोग करूच नये, वर येताना तो पापुद्रा कडेचे टवके घेऊन येईल.

अल्ट्रासॉनिकबद्दल मला फार उत्सुकता होती. चष्म्याच्या दुकानात, सोनाराकडे असतात तेच तंत्र, पाण्यात ध्वनिलहरींनी सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि मळ सुटतो. एका ओळखीच्यांकडे ४० किलोहर्ट्झची टाकी आणि वर रेकॉर्डी हळूहळू फिरवणारी मोटर असं जुळवलेलं आहे, त्यांनी करून दाखवलं. खास रेकॉर्डसाठी बनवलेली मशीनं यापेक्षा वरच्या फ्रिक्वेन्सीची असतात, एस्टोनियाचं डेग्रिटर १२० ला चालतं, तिथे बुडबुडे आणखी बारीक, पण त्यांच्या किमती काही लाखांत जातात. टाकीतल्या निकालाने मी खरोखर खूश झाले, बोटांचे ठसे आणि बारीक धूळ पूर्ण गेली, काहीही न घासता. पण तीन गोष्टी मनात राहिल्या. एक, जुनी वाळलेली बुरशी आधी ब्रशने भिजवून सोडवल्याशिवाय नीट निघत नव्हती. दोन, टाकी चालता चालता पाणी तापतं, थर्मामीटर ठेवून पस्तीसच्या खाली राखावं लागतं नाहीतर व्हिनाईलला धोका. आणि तिसरी, जी माझ्या मते सगळ्यात मोठी: नंतर रेकॉर्ड हवेवर वाळायला ठेवली, आणि वाळल्यावर भिंगातून बघितलं तर सुटलेला मळ काही जागी पुन्हा ग्रूव्हच्या तळाशी बसलेला.

इथे माझा निर्णय झाला म्हणायला हरकत नाही. मळ सुटणं वेगळं आणि मळ रेकॉर्डवरून निघून जाणं वेगळं. लोक कुठलं लिक्विड, किती टक्के, कुठला ब्रश यावर तासन्‌तास बोलतात, ते सगळं सुटण्यापुरतं आहे. घाण पाणी ग्रूव्हमधून बाहेर कसं काढणार, याचं उत्तर ज्या पद्धतीत आहे ती पद्धत घ्यायची, बाकी थोडं कमी-जास्त चालेल. फडक्याने पुसून ते होत नाही, फडकं वरच्या वर फिरतं. ओढूनच घ्यायला लागतं, म्हणजे व्हॅक्यूम. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये कीथ मंक्सचं मशीन निघालं, ते याच तत्त्वावर.

तयार व्हॅक्यूम मशीन मागवण्यापेक्षा मी घरी जुळवलं. मोटर गेलेला एक जुना टर्नटेबल, हाताने फिरवायला. वेट अँड ड्राय व्हॅक्यूम क्लीनर, हे महत्त्वाचं, साध्या व्हॅक्यूममध्ये पाणी गेलं तर मोटर जळेल आणि शॉक बसायची भीती. इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसी पाइप, एक टोक बंद, खालच्या अंगाला लांब अरुंद चीर, चिरेच्या दोन्ही बाजूंना लक्ष्मी रोडवरून आणलेली मखमल चिकटवलेली. लेबलवर ठेवायला दोन ॲक्रिलिकच्या चकत्या आणि खाली रबरी रिंग, म्हणजे पाणी कागदापर्यंत जात नाही. जुन्या लेबलांची शाई पाण्याने पसरते, आणि त्या लेबलवर गायकाचं, रागाचं नाव असतं, ते गेलं तर अर्धी रेकॉर्ड गेली.

एलपी आणि ईपीला चार भाग बॅटरीचं पाणी, एक भाग आयसोप्रोपिल, वेटिंग एजंट. बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने ग्रूव्हच्या दिशेने, गोल गोल, कधीही आडवं नाही. दोन-तीन मिनिटं भिजू द्यायचं, मग पाइप टेकवून दोन-तीन फेरे. पहिल्या फेऱ्यात पाइपमधून जे पाणी गेलं ते पारदर्शक नळीत दिसतं, चहाच्या रंगाचं होतं. मग नुसत्या बॅटरीच्या पाण्याने खळबळायचं आणि दुसऱ्या, स्वच्छ मखमलीच्या पाइपने ओढायचं. जास्त वेळ ओढत बसलं की कोरड्या रेकॉर्डवर स्टॅटिक येते, त्यामुळे ओल गेली की थांबायचं.

७८ ला पाणी आणि वेटिंग एजंटचे दोन थेंब, बस. भिजत ठेवायचं नाही, ओलं करून लगेच ब्रश आणि लगेच व्हॅक्यूम, हात भराभर चालला पाहिजे. कडेला चीर असेल तर पाणी नाहीच, ते चिरेतून आत शिरतं. इथून जे पाणी येतं ते चहाच्या नाही, शिसपेन्सिलीच्या रंगाचं, करडं काळं, त्या सुयांच्या पुडीचं.

वाळवायला ताटाळं. बारा इंची एलपी ताटाळ्यात ताटासारखी उभी बसते, फक्त तारांवर मऊ नळी कापून चढवली म्हणजे ओरखडा नको. मग नवीन आतली पाकिटं, पॉलिथिनची अँटीस्टॅटिक, एलपींना. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटातल्या काही एलपींवर धुरकट नक्षी उठली होती, ते मऊ पीव्हीसी वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की असं होतं आणि ते धुऊन जात नाही, म्हणून तसली पाकिटं घरात ठेवायची नाहीत. ७८ ला जाड कागदाची. सगळ्या उभ्या, एकमेकींवर रचून नाही.

धुऊन काय बदललं? हिराबाईंची एक ७८, तिच्यावर बुरशीचा पट्टा होता, दर फेऱ्याला धप धप असा आवाज यायचा आणि त्याखाली गाणं दबलेलं. धुतल्यावर ती धप धप गेली आणि हार्मोनियम वेगळी ऐकू यायला लागली, आलापातली एक जागा जी आधी नुसती खरखर होती तिथे आता आवाज आहे. मामाला फोनवर ऐकवली, तो मध्येच म्हणाला, "थांब, परत लाव ती जागा." मागची सुरसुर राहिलीच, ती लाखेतल्या दगडाच्या पुडीची आणि झिजलेल्या ग्रूव्हची, ती कुठल्याच धुण्याने जात नाही आणि जाईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एलपींमध्ये फरक जास्त, कुमारजींच्या एलपीवरची शांत जागा आता शांत आहे.

पावसाळ्यात मी धुणं बंद ठेवते, वाळायला वेळ लागतो आणि ओल राहिली की परत बुरशी. चिरा गेलेल्या ७८ मामा म्हणाला टाकून दे, मी टाकणार नाही. त्यांना पाणी न लावता कोरड्या ब्रशने साफ करून एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या आहेत. त्यासाठी ७८ ची वेगळी स्टायलस लागते, टोक सुमारे ७५ मायक्रॉनचं, एलपीच्या १८ ते २५ मायक्रॉनच्या सुईने लावली तर ती ग्रूव्हच्या तळातून, कचऱ्यातूनच घासत जाते. ती मागवली आहे, आली की चिरांवाल्यांपासून सुरुवात करणार, कारण त्या किती दिवस टिकतील सांगता येत नाही.